राजाची मेहेरबानी आणि नागरिकाचा हक्क

२६ जूनला कोल्हापुरात शाहू जयंती असते. दसरा चौकातल्या महाराजांच्या पुतळ्याला सकाळपासून हार पडत असतात. या चौकाला लागूनच मुस्लिम बोर्डिंग आहे. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, याच बोर्डिंगात राहून शिकले. त्यामुळे आमच्या घरात शाहू महाराजांचं नाव घरातल्या एखाद्या बुजुर्गासारखं घेतलं जातं. जयंतीला चौकात जाऊन यायचं हा रिवाज अब्बांनी पाळला, आता मी पाळतो.

मागच्या खेपेला सोबत भाचा होता. कॉलेजात आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पुतळ्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "मामू, एक विचारू? त्या राजानं आपल्याला बोर्डिंग दिलं, नोकऱ्यांत जागा दिली. आणि आता मतदान करून आपल्याला काय मिळालं? २०२३ च्या जूनमध्ये याच शहरात आपल्या लोकांच्या दुकानांवर दगड पडले. मग राजेशाहीच बरी होती की!"

चौकातल्या गर्दीत मला नीट उत्तर देता आलं नाही. पण हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. 'राजे होते तेव्हा असं नव्हतं' हे वाक्य कोल्हापुरात सगळ्या जातीधर्मांच्या माणसांकडून ऐकायला मिळतं. मुसलमानांच्या तोंडी ते जरा जास्तच कळवळून येतं. म्हणून हा लेख. भाच्यासाठी आहेच, आणि तसं वाटणाऱ्या सगळ्यांसाठी.

आठ प्रधान होते, सभागृह नव्हतं

पहिल्यांदा एक गैरसमज बाजूला ठेवू. शिवाजी महाराजांचं अष्टप्रधान मंडळ म्हणजे आजचं मंत्रिमंडळ, असं भाषणांतून सांगितलं जातं. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी आठ प्रधानांची पदं आणि कामं ठरवून दिली गेली, हे खरं. कामाची वाटणी चोख होती. पण त्या प्रधानांना नेमणारा राजा, काढणारा राजा आणि हिशेब विचारणाराही राजाच. प्रजेने निवडलेलं सभागृह मध्ये कुठे नव्हतं. राजा न्यायी असेल तर कारभार न्यायाचा. तसा नसेल तर प्रधानांनी विनवण्या करायच्या.

रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आपल्याच कोल्हापूर गादीशी जोडलेलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ राजाने कसं वागावं हे फार शहाणपणाने सांगतो. पण राजा तसा वागला नाही तर प्रजेने काय करावं, याचा मार्ग त्या काळातल्या राज्यव्यवस्थेत नव्हता. सत्ताबदल व्हायचा तो राजवाड्याच्या आत. १७१४ मध्ये ताराराणी आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना कैद झाली आणि राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. ज्या ताराराणींनी औरंगजेबाच्या फौजेशी वर्षानुवर्षं झुंज दिली, त्यांना बाजूला सारताना रयतेला कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

यात मराठी राज्याचा कमीपणा काढण्याचा हेतू नाही. मोगलांकडे, आदिलशाहीत, निजामाकडे, सगळीकडे हेच होतं. दिल्लीत तर तख्तासाठी भावाने भावाला मारलं. मुसलमान राजाची रयत मुसलमान असली म्हणून तिला सवाल करायचा हक्क मिळाला, असंही कधी झालं नाही.

दिवाणाला प्रश्न कोणी विचारायचा?

इंग्रज आले आणि एक विचित्र रचना तयार झाली. राजा गादीवर राहिला, पण त्याच्या डोक्यावर पोलिटिकल एजंट आला, पुढे रेसिडेंट आला. वरून पाहिलं तर राजाचे हात बांधलेले. पण ते हात इंग्रजांनी बांधले होते, रयतेने नव्हे. रयतेच्या बाजूने पाहिलं तर राजा उलट जास्त मोकळा झाला. पूर्वी रयत फारच चिडली तर राजाला उठावाची भीती असे. आता उठाव मोडायला इंग्रजांची पलटण होती. रयतेचा विश्वास टिकवल्याशिवाय राजाला राज्य टिकवता आलं, ते या काळात.

याचा पुरावा कोल्हापुरातच सापडतो. १८८० च्या सुमारास गादीवर असलेले चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले. कारभार इंग्रजांच्या मर्जीतले दिवाण माधवराव बर्वे पाहत होते. तरुण राजाचा छळ होतो आहे अशी कुजबुज महाराष्ट्रभर होती. 'केसरी' आणि 'मराठा'ने त्यावर लिहिलं. ज्या पत्रांवर विसंबून लिहिलं ती बनावट निघाली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकरांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, शिवाजी महाराज अहमदनगरला नजरकैदेतच वारले.

या प्रकरणात पत्रं खोटी होती हे मान्य. पण मुद्दा वेगळा आहे. राजाचं काय चाललं आहे, दिवाण काय करतो आहे, हे अधिकाराने विचारायची एकही जागा कोल्हापूर संस्थानात नव्हती. सभागृह असतं तर एखादा सभासद उभा राहिला असता. दिवाणाला उत्तर द्यावं लागलं असतं, कागद मेजावर ठेवावे लागले असते, आणि खरं-खोटं तिथेच निवडलं गेलं असतं. सभागृह नव्हतं म्हणून कुजबुज राहिली, कुजबुजीतून बनावट कागद आले आणि त्यातून तुरुंग.

१९०२: लंडनमधला राजा आणि कोल्हापूरचा राजा

आता एका गमतीदार योगायोगाकडे येऊ. १९०२ मध्ये शाहू महाराज इंग्लंडला गेले होते. निमित्त होतं बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचं. हा समारंभ २६ जूनला, म्हणजे शाहू महाराजांच्या वाढदिवशीच, व्हायचा होता. एडवर्ड आजारी पडल्यामुळे तो ९ ऑगस्टला झाला.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. जुलैत लॉर्ड सॅलिसबरी यांनी पंतप्रधानपद सोडलं आणि त्यांचा भाचा आर्थर बाल्फोर पंतप्रधान झाला. मामाच्या जागी भाचा, म्हणजे तिथेही घराणेशाही होतीच! दुसरी गोष्ट आपल्या इतिहासातली. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम: संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सगळे यात मागासलेले धरले होते. म्हणजे मराठे, महार-मांग, धनगर यांच्या जोडीला मुसलमानही.

दोन राजे शेजारी ठेवून पाहा. एडवर्ड निम्म्या जगाचा बादशहा म्हणवत होता, पण आपल्या देशात एका कारकुनाची जागा कोणत्या जातीला द्यायची हे त्याला स्वतःच्या मर्जीने ठरवता आलं नसतं. शाहू महाराज एका लहान संस्थानाचे राजे. पण आपल्या हद्दीत त्यांनी एका हुकमाने नोकऱ्यांचं चित्र बदललं.

एडवर्डचे हात कोणी बांधले होते? त्याच्या देशातल्या लोकांनी, आणि त्याला अडीचशे वर्षं लागली. १६४९ मध्ये त्यांनी एका राजाचं मुंडकं उडवलं. १६८९ मध्ये हक्कांचा कायदा करून घेतला: संसदेला विचारल्याशिवाय कर नाही, शांततेच्या काळात खडी फौज नाही, केलेला कायदा परस्पर गुंडाळून ठेवणं नाही. एकदा पैशाची थैली संसदेच्या हातात गेली, की बाकीचं हळूहळू तिच्यामागे गेलं.

तेव्हापासून हा गाडा असा चालतो. लोक सभागृह निवडतात. सभागृहात ज्याच्या पाठीशी बहुमत असेल त्याला राजा सरकार बनवायला बोलावतो. आवडीच्या माणसाला बोलावण्याची सोय राजाला नसते. पंतप्रधान मंत्री निवडतो. हुकूम निघतात ते राजाच्या नावाने, पण निर्णय मंत्र्यांचे आणि जबाबदारीही मंत्र्यांची. राजा सभागृहात भाषण वाचतो, तेही सरकारने लिहून दिलेलं. कायदा पक्का व्हायला राजाची संमती लागते, पण १७०८ मध्ये राणी ॲनने एकदा नाकारली त्यानंतर ब्रिटनमध्ये कोणत्याही राजाने ती नाकारलेली नाही. सभागृहाचा विश्वास उडाला की सरकार जातं. राजा राहतो, कारण त्याने काही ठरवलेलंच नसतं.

मग राजाकडे उरतं काय? वॉल्टर बॅजट या लेखकाने १८६७ मध्ये तीन हक्क सांगितले. राजाचा सल्ला घेतला जावा, त्याने सरकारला उत्तेजन द्यावं, आणि गरज पडली तर सावध करावं. बंद दाराआड एवढंच. कोणालाच बहुमत नसेल तेव्हा मात्र त्याचं काम वाढतं. मलेशियात नऊ सुलतान आपल्यातल्या एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. तिथे २०२२ च्या निवडणुकीत त्रिशंकू सभागृह आलं, तेव्हा राजाने पक्षांशी बोलून अन्वर इब्राहिम यांना पंतप्रधान नेमलं. राजाने मार्ग काढला, पण राज्य हातात घेतलं नाही.

आपल्या माणसांना हे वक्फच्या उदाहरणाने चटकन समजेल. वक्फच्या मिळकतीला मुतवल्ली असतो. कागदावर नाव त्याचं, सही त्याची. पण मिळकत त्याची नव्हे. ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही. घटनेने बांधलेला राजा हा असा मुतवल्ली. आणि मुतवल्ली मालकासारखा वागायला लागला की काय होतं, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. म्हणून मुतवल्ली कितीही दीनदार असला तरी हिशेब तपासणारा लागतोच.

त्या भाचेसाहेबांचं पुढे काय झालं तेही सांगतो. पंतप्रधानपद मामाकडून मिळालं, पण टिकवायचं होतं मतदारांकडून. १९०५ च्या अखेरीस बाल्फोरने राजीनामा दिला आणि १९०६ च्या निवडणुकीत मँचेस्टरच्या मतदारांनी त्याला स्वतःच्या जागेवरही पाडलं. फौज हलली नाही, कोणी कैदेत गेलं नाही. मात्र या व्यवस्थेचं कौतुक करताना एक विसरू नये. हाच बाल्फोर पुढे परराष्ट्रमंत्री झाला आणि १९१७ मध्ये पॅलेस्टाईनबद्दलचं ते कुप्रसिद्ध पत्र त्याच्याच सहीने गेलं. पॅलेस्टाईनच्या लोकांना त्याला पाडण्यासाठी मत नव्हतं. आपल्यालाही नव्हतं. इंग्रजांनी आपल्या राजाला घरात बांधलं आणि बाहेर बादशहा म्हणून मोकळा सोडला.

मेहेरबानीची मर्यादा

आता भाच्याचा खरा मुद्दा. १९०२ मध्ये कोल्हापुरात निवडलेलं सभागृह असतं, तर ५० टक्क्यांचा हुकूम निघाला असता का? मला वाटतं, नसता निघाला. त्या काळी मत कोणाला मिळालं असतं? ज्याच्याकडे शिक्षण आणि मालमत्ता होती त्याला. ज्यांच्या जागा जाणार होत्या तेच सभागृहात बसले असते. शाहू महाराजांना हे पक्कं कळलं होतं. म्हणूनच नुसत्या स्वराज्याच्या मागणीने ते भुलले नाहीत. आधी बहुजनांना शिक्षण आणि प्रतिनिधित्व द्या, नाहीतर स्वराज्य म्हणजे मूठभरांचं राज्य, अशी त्यांची भूमिका होती.

त्यामुळे त्यांनी केलं ते आपल्याला विसरता येणार नाही. १९०६ मध्ये मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करून त्यांनी मुस्लिम बोर्डिंग सुरू केलं आणि संस्थेचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. कुराणाच्या मराठी भाषांतरासाठी पैसा दिला. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी मानाने ठेवलं. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. माझे दादा शिकले ते या पुण्याईवर.

पण या सगळ्याला राखणदार एकच होता, महाराजांची इच्छा. ६ मे १९२२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचेही नव्हते. राजा चांगला मिळणं हा नशिबाचा भाग, आणि तो गेल्यावर पुढचा कसा येईल हाही नशिबाचाच भाग.

ज्या १९०६ मध्ये बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी इराणमध्ये लोकांनी हट्ट धरून शहाकडून राज्यघटना मिळवली. ३० डिसेंबर १९०६ ला मुजफ्फरुद्दीन शहाने तिच्यावर सही केली आणि काही दिवसांत तो वारला. त्याच्या मुलाला ती घटना नको होती. १९०८ च्या जूनमध्ये त्याने मजलिसच्या इमारतीवर तोफा डागल्या. पण १९०९ मध्ये घटनेच्या बाजूच्या लोकांनी तेहरान घेतलं आणि शहालाच गादी सोडावी लागली. बापाची सही मुलाने मानली नाही. लोकांनी मात्र ती हक्क म्हणून धरून ठेवली होती, म्हणून ती टिकली. मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक मला इथे दिसतो.

औंध: हात बांधून घेणारा राजा

आपल्याकडे असा राजा झाला का, ज्याने जिवंतपणीच स्वतःचे हात कायद्याने बांधून घेतले? झाला. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, कोल्हापूरहून कराडमार्गे एका दिवसात जाऊन येता येतं. त्या काळी तर नातं आणखी जवळचं होतं, कारण दख्खनच्या संस्थानांचा इंग्रज रेसिडेंट कोल्हापुरातच बसत असे.

औंध संस्थान म्हणजे सुमारे ५०० चौरस मैल, लोकसंख्या लाखाच्या आत. तीही एकसलग नाही. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचा गुणदाळ, असे विखुरलेले तुकडे. राजा सूर्यनमस्कारांचा पुरस्कर्ता, स्वतः चित्रकार. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये याच संस्थानच्या माळावर उभा राहिला.

१९३८ च्या नोव्हेंबरमध्ये सत्तरीत पोचलेल्या या राजाने जाहीर केलं की कारभार प्रजेच्या हाती देणार. मसुद्यासाठी राजपुत्र आप्पासाहेब पंत गांधीजींकडे गेले. सोबत होते मॉरिस फ्रिडमन. हे मूळचे पोलंडचे इंजिनिअर, बंगळुरात नोकरी करून पुढे गांधीजींच्या वर्तुळात आलेले. १९३९ च्या जानेवारीत औंधची स्वराज्य घटना लागू झाली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याचा कारभार उभा राहायचा आणि त्यातून संस्थानचं विधिमंडळ. लंडनमध्ये सत्ता वरून खाली झिरपत आली, इथे ती गावातून वर चढवायची होती. गावचे तंटे शक्यतो गावात मिटावेत आणि गावाच्या कामाला पैसा मिळावा, हा त्यामागचा विचार. आप्पासाहेब पंत पंतप्रधान झाले आणि राजा प्रजेचा पहिला सेवक म्हणवू लागला.

कैद्यांना भिंतीविना ठेवण्याचा आटपाडीजवळचा स्वतंत्रपूरचा प्रयोग याच काळातला. 'दो आँखें बारह हाथ' चित्रपटाची प्रेरणा तीच.

औंधातही राजपुत्रच पंतप्रधान होता, वर इंग्रजांची सत्ता होती, संस्थान चिमुकलं होतं. या मर्यादा मान्य करूनही मला एक गोष्ट मोठी वाटते. 'मी चांगला आहे, माझ्यावर भरवसा ठेवा' असं हा राजा म्हणाला नाही. 'मी चांगला असलो तरी माझ्यानंतरचं कोणी सांगावं, तेव्हा कायदा करून ठेवा' असा त्याच्या कृतीचा अर्थ होता. ही घटना ९ वर्षं चालली आणि १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हाच संपली. बंड झालं, बजबजपुरी माजली, म्हणून ती मोडावी लागली नाही.

कोल्हापुरात उशीर झाला

औंधची घटना आली त्याच १९३९ मध्ये कोल्हापुरात माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रजा परिषद उभी केली. मागणी साधी होती: जबाबदार राज्यपद्धती. राजा राहू दे, पण मंत्री लोकांना उत्तर देणारे हवेत. यासाठी लोकांनी तुरुंगवास भोगला. माधवराव बागल हे शाहू महाराजांना मानणारे, सत्यशोधक परंपरेतले. शाहूंवर प्रेम असूनही राजेशाहीला बांध घालता येतो, हे त्यांच्याकडून शिकावं.

दरम्यान गादीवर काय चाललं होतं ते पाहा. १९४० मध्ये राजाराम महाराज वारले. पुत्र नव्हता. दत्तक घेतलेले छोटे शिवाजी महाराज १९४६ मध्ये लहानपणीच गेले. १९४७ मध्ये देवासचे महाराज दत्तक येऊन शहाजी महाराज म्हणून गादीवर बसले. सात वर्षांत एवढ्या उलथापालथी, आणि रयत फक्त बातम्या ऐकत होती.

स्वातंत्र्यानंतर लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलं, पण त्याचं बस्तान बसलंच नाही. गांधीजींच्या खुनानंतर कोल्हापुरात जाळपोळ झाली, १९४८ मध्ये दिल्लीने प्रशासक नेमला आणि १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं. घटनेने बांधलेला राजा पाहण्याची संधी कोल्हापूरला जवळजवळ मिळालीच नाही. त्यामुळेच आपल्या मनातला राजा अजूनही शाहूंसारखा, मोकळ्या हाताने देणारा असा राहिला आहे.

राजा गेला, यंत्र राहिलं

गंमत म्हणजे ते लंडनचं यंत्र आपण टाकून दिलेलं नाही. राजाच्या जागी निवडलेला राष्ट्रपती बसवला, राज्यात राज्यपाल. १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोजके अपवाद सोडले तर दोघांनीही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं असतं. राज्यपाल ही चौकट सोडतात तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती योग्य नव्हती, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलं. पण तोवर सरकार बदललेलं होतं.

आता आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण. २०१४ च्या जुलैत राज्य सरकारने मुसलमानांतल्या मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिलं, तेही अध्यादेशाने. अध्यादेश म्हणजे राजाच्या हुकमासारखीच गोष्ट, एका सहीत निघणारी. पण घटनेने त्याला मुदत घातली आहे. सभागृह भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. त्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या भागाला स्थगिती दिली, शिक्षणातला भाग चालू राहू शकत होता. निवडणुकीनंतर सरकार बदललं, विधेयक आलं नाही आणि अध्यादेश आपोआप मेला. आपल्यातले अनेकजण आजही म्हणतात, 'सरकारने दिलं होतं, काढून घेतलं.' खरं तर आपल्याला हुकूम मिळाला होता, कायदा मिळाला नव्हता. हुकूम दारात जाऊन मिळतो. कायद्यासाठी सभागृहात डोकी मोजावी लागतात, आणि आपली डोकी कमी असतील तर दुसऱ्यांना सोबत घ्यावं लागतं.

इथे भाच्याच्या प्रश्नाचा सगळ्यात कठीण भाग येतो. डोकीच मोजायची तर कमी संख्येच्या माणसाने करायचं काय? सभागृहातलं बहुमतच राजासारखं मोकळं सुटलं तर? हा धोका खरा आहे. पण त्यावर इलाज म्हणून पुन्हा राजा शोधणं चुकीचं. राजाला ज्या दोरीने बांधलं त्याच दोरीने बहुमतालाही बांधावं लागतं. मूलभूत हक्क, न्यायालय, निःपक्ष पोलीस ही ती दोरी. जून २०२३ मध्ये दगड पडले तेव्हा शहरभर एकच वाक्य होतं, 'शाहूंच्या नगरीत असं कसं झालं?' वाक्यामागचं दुःख खरं होतं, ते म्हणणाऱ्या हिंदू शेजाऱ्यांचंही. पण दुकानदाराचं संरक्षण शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या राजाच्या आठवणीवर सोपवून चालणार नाही. गुन्हा नोंदला का, पंचनामा झाला का, भरपाई मिळाली का, आमदाराने सभागृहात प्रश्न विचारला का, हे विचारायला हवं. ते विचारायचा हक्क मागायला कोणाच्या दरबारात जावं लागत नाही.

भाच्याला उत्तर

२००९ मध्ये छत्रपती घराण्यातले संभाजीराजे कोल्हापुरातून लोकसभेला उभे राहिले आणि मतदारांनी त्यांना नाकारलं. २०२४ मध्ये शाहू छत्रपती उभे राहिले आणि दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. त्याच गादीचे वारस गल्लोगल्ली फिरून मत मागत होते. माझ्या भाच्याने तेव्हा आयुष्यातलं पहिलं मत दिलं होतं.

मी त्याला आठवण करून दिली. म्हटलं, तुझ्या पणजोबांना राजाकडे अर्ज करावा लागायचा. तुझ्याकडे त्या घरातला माणूस अर्ज घेऊन आला. शाहू महाराजांनी आपल्याला बोर्डिंग दिलं ते कशासाठी? पिढ्यानपिढ्या आपण राजाची वाट पाहत बसावं म्हणून नव्हे. शिकून आपल्या पायावर उभं राहावं आणि हिशेब विचारता यावा म्हणून.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मामू, खासदारांना पत्र लिहू?"

"लिही," म्हटलं. "आणि पोच घ्यायला विसरू नको."